इजिप्तच्या खाजगी कबरींतील समर्पणलेख कसा वाचावा: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी थोडीफार उमगू लागली की अभ्यासकाचा मोर्चा साहजिकच खाजगी कबरींकडे वळतो, कारण तेथे नावे, हुद्दे आणि नाती पुन्हा पुन्हा येतात आणि सराव चांगला होतो. मात्र याच कबरींतला समर्पणलेख, म्हणजे मृताच्या मुलाने, मुलीने, भावाने किंवा नातवाने ‘हे मी त्याच्यासाठी केले’ असे नोंदवणारी छोटीशी ओळ, सर्रास चुकीची वाचली जाते. कोणी समर्पण करणाऱ्यालाच कबरीचा धनी ठरवतो, कोणी वडिलांचे नाव सांगणाऱ्या साध्या शब्दांना समर्पण समजतो, तर कोणी ‘मुलाने केले’ एवढ्यावरून सबंध कबर मुलानेच खोदवली असे लिहून मोकळा होतो. तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे: आधी भाषांतर केले जाते आणि कोण कोणाचा कोण हे मागाहून जुळवले जाते. येथे सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे. आधी कोणासाठी, मग कोणी, मग काय केले, हे तिन्ही निश्चित करावे आणि भाषांतराला सर्वांत शेवटी बसावे.

टप्पा १. तयारी

काम प्रत्यक्ष भिंतीसमोर होणार असो की छायाचित्रावरून, साहित्य आधी जमवावे: संपूर्ण भिंतीचे एक छायाचित्र, लेखाचे जवळून घेतलेले एक छायाचित्र, शक्य असेल तर बाजूने तिरपा उजेड पडलेला एक फोटो, आणि चिन्हांची गार्डिनर सांकेतांकांनुसार, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या अक्षर-क्रमांकानुसार, लावलेली यादी. रंगीत भिंतीवर फ्लॅश कधीही वापरू नये. केवळ लेखाचा तुकडा कापून घेतलेले छायाचित्र पुरेसे नसते, कारण समर्पणलेखाचा अर्थ त्याच्या शेजारी कोण उभे आहे आणि कोणाचे तोंड कोणीकडे आहे यावर बराच अवलंबून असतो.

कबर पूर्वी प्रकाशित झालेली असेल तर जुनी रेखाटनेही मिळवावीत. एकोणिसाव्या शतकातील नकलेत आज झिजून गेलेली चिन्हे सापडू शकतात. त्याच वेळी नक्कल करणाऱ्याने अंदाजाने भरलेली चिन्हेही तेथेच सापडतात, म्हणून रेखाटन हा पुरावा मानावा, पण मूळ भिंतीच्या बरोबरीचा नव्हे.

*सावधान.* छायाचित्र आरशातल्यासारखे उलटलेले नाही याची खात्री करा. आपल्या लिपीतला उलटा फोटो तत्काळ ओळखू येतो. चित्रलिपी मात्र उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे अशी दोन्ही बाजूंनी रीतसर लिहिली जाते, त्यामुळे उलटलेले छायाचित्र स्वतःची चुगली करत नाही आणि भिंतीची नोंद शेवटपर्यंत चुकीची राहते.

टप्पा २. दिशा आणि सीमा

माणसे, पक्षी आणि प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतात तेथून वाचायला सुरुवात करावी, म्हणजेच त्यांच्या तोंडाकडून आत शिरावे. हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरीही कबरीत तो फसतो, कारण एकाच दृश्यात दोन माणसे समोरासमोर असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचा मजकूर त्याच्याच तोंडाच्या दिशेने फिरलेला असतो. समोरासमोरच्या दोन मजकुरांच्या रांगा मध्यभागी एकमेकींना भिडतात, आणि नवखा वाचक एका रांगेतून थेट दुसऱ्या रांगेत शिरतो.

म्हणून वाचण्यापूर्वी कागदावर उभ्या रकान्यांना क्रमांक द्यावेत आणि चिन्हांचे तोंड जेथे बदलते तेथे जाड रेघ मारावी. ती रेघ ही दोन माणसांच्या मजकुरांमधली हद्द असते. काही धार्मिक मजकूर उलट क्रमाने मांडलेले असतात, पण समर्पणलेखात हा प्रकार सहसा आड येत नाही.

टप्पा ३. कबरीचा धनी आधी ठरवा

समर्पणाची ओळ हाती लागली तरी ती बाजूला ठेवून आधी धनी शोधावा. त्यासाठी अर्पणसूत्र सर्वांत उपयोगी पडते. ‘हेतेप दि नेसु’, म्हणजे ‘राजा देतो ते अर्पण’, या शब्दांनी ते सुरू होते, मग ओसायरिस किंवा अनुबिससारख्या देवाचे नाव येते, त्यानंतर भाकर, बिअर, बैल, पक्षी वगैरे पदार्थ येतात, आणि शेवटी ‘न का न’, म्हणजे ‘अमुकाच्या का-साठी’ (का म्हणजे माणसाची जीवनशक्ती), असे शब्द येऊन लाभार्थ्याचे नाव येते. उंचावलेले दोन हात हे का-चे चिन्ह आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे पाण्याची नागमोडी रेघ, एवढे दिसले की पुढचे हुद्दे आणि त्यामागचे नाव हे ज्याच्यासाठी अर्पण आहे त्याचे आहे असे धरावे. हुद्दे नावाच्या आधी येतात, त्यामुळे नाव नेहमी रांगेच्या शेवटी शोधावे. त्यानंतर बहुधा ‘मा-खेरु’ ही मृताला लावली जाणारी ‘न्यायात खरा ठरलेला’ अशा अर्थाची उपाधी असते, आणि तिच्या लिखाणात वल्ह्याचे चिन्ह हमखास दिसते.

*सावधान.* अर्पणसूत्र म्हणजे समर्पणलेख नव्हे. त्यात ‘राजा देतो’ असे शब्द असले तरी राजाने ती कबर किंवा तो शिलापट्ट, म्हणजे लेख कोरलेला उभा दगड, दिला असा अर्थ होत नाही, कारण हे ठरीव शब्द राजाशी काहीही संबंध न आलेल्या माणसाच्या कबरीतही असतात. राजाने खरोखर काही दिले असेल तर लेख ते स्वतंत्रपणे आणि बहुधा मोठ्या अभिमानाने सांगतो. अबिडोस येथील वेनी या अधिकाऱ्याच्या आत्मवृत्तात राजाकडे तुरा येथील पांढऱ्या दगडाची शवपेटी मागितल्याचे आणि ती झाकण, खोटे दार (मृताच्या आत्म्याच्या ये-जा करण्यासाठी दगडात कोरलेले दार), चौकट व अर्पणपीठासह आल्याचे सविस्तर वर्णन आहे. समर्पणाच्या बाबतीतही हीच अपेक्षा ठेवावी: देणारा आहे, तर तो सांगितलेला असला पाहिजे.

टप्पा ४. समर्पणाचे सूत्र ओळखा

येथे घाई करू नये. खाजगी कबरींत, शिलापट्टांवर आणि पुतळ्यांवर समर्पण प्रामुख्याने दोन साच्यांत येते.

पहिला साचा जुन्या राज्यकाळातला, म्हणजे जुने, मध्य आणि नव अशा तीन मोठ्या कालखंडांपैकी सर्वांत आधीच्या काळातला, आहे: ‘इन सा-एफ सेमसु इर न-एफ नू’, म्हणजे ‘त्याच्या थोरल्या मुलानेच हे त्याच्यासाठी केले’. दुसरा साचा मध्य राज्यकाळापासून दिसू लागतो आणि नवराज्यकाळात पदोपदी भेटतो: ‘इन सा-एफ सआन्ख रेन-एफ’, म्हणजे ‘त्याचे नाव जिवंत ठेवणारा तो त्याचा मुलगाच’. उच्चारांतले स्वर सोयीपुरते घातलेले आहेत, कारण इजिप्शियन लेखनात स्वर लिहिले जात नसत.

दुसरा साचा चिन्हागणिक असा ओळखावा. सुरुवातीला बोरूचे उभे पान आणि त्यानंतर पाण्याची रेघ, मिळून ‘इन’. मग उभे बदक, म्हणजे ‘सा’, मुलगा; त्याच्या शेजारी कधी एक लहान उभी रेघ असते. मग शिंगे असलेला सरपटता साप, म्हणजे ‘एफ’, त्याचा. त्यापुढे दुमडलेले वस्त्र, म्हणजे ‘स’, आणि लगेच आन्खचे चिन्ह, जे कधी एकटे असते तर कधी पाण्याची रेघ आणि रेघांचे वर्तुळ सोबत घेऊन येते. शेवटी तोंड आणि त्याखाली पाण्याची रेघ, मिळून ‘रेन’, नाव. आणि पुन्हा तोच साप. बदकाऐवजी अंडे काढलेले दिसले तर गोंधळू नये, कारण पुढच्या काळात मुलगा या शब्दासाठी अंडेही वापरले जाते. उडते बदक मात्र वेगळे चिन्ह आहे, त्याचा उच्चार ‘पा’ असा होतो आणि ते नावांच्या आरंभी पुष्कळ वेळा येते. उभे बदक आणि उडते बदक यांची अदलाबदल झाली की ‘मुलगा’ नाहीसा होतो आणि नावाला नसलेले शेपूट फुटते.

आता या साच्यांसारखी दिसणारी, पण समर्पण नसलेली चार ठिकाणे.

एक, केवळ ‘इन’. हा शब्द ‘अमुकाच्या हातून’ या अर्थाने विधींच्या मथळ्यातही येतो. ‘धूप देणे आणि पाणी ओतणे, इन सा-एफ’ असे असेल तर मुलगा तेथे विधी करतो आहे, एवढेच सिद्ध होते. बिबट्याचे कातडे पांघरलेला मुलगा धनी दांपत्यासमोर धूप धरून उभा आहे, हे थीब्सच्या कबरींतले नेहमीचे दृश्य आहे, आणि नेमक्या याच मथळ्याला समर्पण समजण्याची चूक सर्वाधिक होते. सूत्रात ‘सआन्ख रेन’ किंवा ‘इर’ नसेल तर समर्पण म्हणू नये.

दोन, ‘इर-एन’ आणि ‘मेस-एन’. मध्य राज्यकाळात ‘अमुक, इर-एन तमुक’ याचा अर्थ ‘तमुकाने ज्याला जन्म दिला तो अमुक’ असा वंश सांगणारा असतो. डोळ्याचे चिन्ह ‘करणे’ याच क्रियापदाचे असल्यामुळे वाचक त्याला ‘तमुकाने केले’ असे वाचतो आणि बापाला कबर बांधणारा करतो. तीन कातडी एकत्र बांधलेले चिन्ह म्हणजे ‘मेस’. त्यापुढे आईचे नाव असते आणि तेही वंशच सांगते.

तीन, डोळा, पाण्याची रेघ आणि साप हा समूह. तो ‘इर न-एफ’, म्हणजे ‘त्याच्यासाठी केले’, असाही वाचता येतो आणि ‘इर-एन-एफ’, म्हणजे ‘त्याने केले’, असाही. चिन्हे तीच राहतात, कर्ता मात्र बदलतो. म्हणून मागेपुढे पाहावे. मागे ‘इन सा-एफ’ असेल, किंवा पुढे लगेच ‘सा-एफ’ आणि नाव असेल, तर ‘त्याच्यासाठी’ हा अर्थ घ्यावा. पुढे केलेली वस्तू आणि नंतर ‘त्याच्या पित्यासाठी’ असे शब्द असतील तर ‘त्याने केले’. ‘त्याने केले’ हा प्रकार देवळांच्या भिंतींवर राजाच्या बाबतीत सतत येतो, आणि आधी कर्नाकचे देऊळ पाहून मग कबरींकडे वळलेल्या वाचकाच्या डोळ्यांत तोच बसलेला असतो.

चार, ‘सा’ असलेले वंशनाम. ‘अमुकाचा मुलगा’ ही माणसाची ओळख असते, कृती नव्हे. शिवाय मध्य राज्यकाळात आदर म्हणून बापाचे नाव आधी लिहून मुलाचे नंतर लिहिण्याची पद्धत आहे. बेनी हसन येथे ‘नेहेरी, मुलगा, ख्नुमहोतेप’ अशा क्रमाने लिहिलेले असते आणि ते ‘नेहेरीचा मुलगा ख्नुमहोतेप’ असेच वाचायचे असते. सरळ क्रमाने वाचल्यास मुलगा बापाचा बाप होतो.

*ताळा.* सूत्र सापडले असे वाटल्यावर तीन प्रश्न विचारा. क्रियापद आहे का? क्रियापदाचा कर्ता धन्याहून वेगळा आहे का? सर्वनाम धन्याशी जुळते का? स्त्रीसाठी ‘एफ’ऐवजी ‘एस’ आणि अनेकांसाठी ‘सेन’ यायला हवे. एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर मागच्या टप्प्यावर परत जावे.

टप्पा ५. नाते नेमके लिहा

मुलीसाठी बदकाबरोबर पावाचा अर्धगोल येतो आणि शब्द ‘सात’ होतो. हा अर्धगोल लहान असतो, झिजतो, आणि मग मुलीचा मुलगा केला जातो, तेव्हा तेवढी जागा तिरप्या उजेडात मुद्दाम पाहावी. भाऊ ‘सेन’ आणि बहीण ‘सेनेत’. पण अठराव्या राजवंशाच्या काळात ‘सेनेत’ हा शब्द पत्नीसाठीही रूढ होतो, म्हणून तेवढ्यावरून भावाबहिणीचे लग्न असा तर्क लढवू नये. ‘सा’ हा शब्द नातू किंवा जावई यांनाही लागतो आणि ‘इत’, पिता, हा आजा किंवा पूर्वज यांनाही. नात्याचा शब्द जसाच्या तसा नोंदवून त्याचा खुलासा दुसऱ्या पुराव्यावरून करणे हेच सुरक्षित.

समर्पण करणाऱ्याच्या नावामागेही ‘मा-खेरु’ दिसले तर तो तेव्हा मेलेला होता असे धरू नये. ही उपाधी जिवंत माणसालाही लावलेली आढळते.

टप्पा ६. एक लेख सावकाश सोडवून पाहा

वरचे सगळे एकाच ओळीत पारखून पाहायचे असेल तर एल काब येथील पाचव्या क्रमांकाच्या कबरीइतके चांगले उदाहरण नाही. लक्सर आणि एडफू यांच्या दरम्यान, नाईलच्या पूर्व काठावर हे ठिकाण आहे. कबर इबानापुत्र अहमोसची. अठराव्या राजवंशाच्या आरंभी, इ.स.पू. १५५०च्या सुमारास, हिक्सोस शत्रूंची राजधानी अव्हारिस हिच्या वेढ्यात लढलेला आणि पुढे आणखी दोन राजांच्या हाताखाली मोहिमा केलेला हा नौदलातला माणूस आपल्या लांबलचक आत्मवृत्तासाठी प्रसिद्ध आहे.

पहिला खड्डा धन्याच्या नावातच आहे. ‘इबानाचा मुलगा’ यातली इबाना ही आई, आणि वडिलांचे नाव बाबा. म्हणजे ‘सा’ दिसला की पुढचे नाव बापाचे, हा समज येथेच मोडतो. हे वंशनाम आहे, समर्पण नव्हे.

समर्पणाची ओळ वेगळी आहे. तिचा क्रम ठेवून अर्थ असा लागतो: ‘त्याच्या मुलीच्या मुलानेच या कबरीतील कामे चालवली, आपल्या आईच्या वडिलांचे नाव जिवंत ठेवण्यासाठी, तो अमुनचा आरेखक लेखनिक पाहेरी, मा-खेरु’. अमुन हा देव, आणि आरेखक लेखनिक म्हणजे चित्रांच्या बाह्यरेषा आखणारा. ‘इन’च्या पाठोपाठ ‘सा’ आणि लगेच ‘सात’ येतात. घाईचा वाचक येथे ‘मुलगा आणि मुलगी’ असे दोघे उभे करतो. मात्र दोन नामे अशी लागून आली की मागचे पुढच्याचे असते: मुलीचा मुलगा, म्हणजे नातू.

त्याहून अवघड जागा सापाची आहे. ‘सात-एफ’ मधला ‘त्याची’ अहमोसकडे जातो, कारण मुलगी अहमोसची. पुढे ‘मुत-एफ’, त्याची आई, यातला ‘त्याची’ मात्र पाहेरीकडे जातो, कारण ती आई पाहेरीची. एकाच वाक्यात तेच चिन्ह दोनदा येते आणि दोन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवते. दोन्ही ठिकाणी अहमोसच घेतला तर पाहेरीने अहमोसच्या आजोबांचे नाव जिवंत ठेवले असा भलताच अर्थ निघतो, आणि व्याकरणात कोठेही अडत नाही म्हणून चूक लक्षातही येत नाही. यावर उपाय एकच: प्रत्येक सर्वनामाखाली पेन्सिलीने माणसाचे नाव लिहावे. मजा अशी की त्यातली मुलगी आणि आई ही एकच बाई आहे, आणि ओळीत तिचे नाव कोठेच नाही.

हा पाहेरी तोच का, ज्याची स्वतःची रंगीत कबर त्याच डोंगरात तिसऱ्या क्रमांकावर आहे? होय. तेथे तो नगरप्रमुख म्हणून येतो, येथे आरेखक लेखनिक म्हणून. हुद्दा बदलला म्हणून माणूस वेगळा ठरवू नये. तो हयातीत वर चढलेला असू शकतो. उलट, नाव सारखे म्हणून माणूस एक असेही धरू नये. एल काबलाच अहमोस नावाचा दुसरा मोठा योद्धा, अहमोस पेन-नेखबेत, आहे.

टप्पा ७. समर्पण कशाचे, हे ठरवा

पाहेरीच्या ओळीत ‘या कबरीतील कामे चालवली’ असे स्पष्ट आहे. सगळीकडे इतके स्पष्ट नसते. जुन्या साच्यातला ‘नू’ म्हणजे नुसते ‘हे’. आणि ‘हे’ म्हणजे ज्या वस्तूवर शब्द कोरले आहेत ती वस्तू, याच्यापलीकडे जाण्यास पुरावा लागतो. खोट्या दारावर असेल तर खोटे दार, पुतळ्यावर असेल तर पुतळा, शिलापट्टावर असेल तर शिलापट्ट. पूर्ण कबर मुलाने उभी केली असे म्हणायला ‘ही कबर’ असे शब्द किंवा तशाच वजनाचा मजकूर हवा.

तसेच एकाच वस्तूला दोन धनी असू शकतात. गिझा येथे १९२७ साली उघडलेल्या, मेरेसआन्ख तिसरी या राणीच्या कबरीतली काळ्या ग्रॅनाइटची शवपेटी मुळात तिच्या आईची, हेतेफेरेस दुसरी हिची होती. आधीच्या लेखात आईचे हुद्दे आहेत आणि नंतर कोरलेल्या ओळीत आपण ती मुलीला दिल्याचे आई सांगते. ही राजघराण्यातली कबर असली तरी धडा खाजगी कबरींनाही लागू आहे: लेख दोन वेळा कोरलेला नाही ना, हे अक्षरांच्या खोलीवरून आणि मांडणीवरून आधी पाहावे. सक्कारा येथील राजकन्या इदुतची मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याची कबर, मुळात इही या वजिरासाठी बांधलेली होती. असे नाव बदललेले असेल तेथे समर्पणातला ‘त्याचा’ पहिल्या धन्याचा की दुसऱ्याचा, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

डेर एल-गेब्रावीच्या जाऊचा लेख या बाबतीत मोठा समंजस आहे. सहाव्या राजवंशातल्या या अधिकाऱ्याने वडिलांचे दफन केले आणि स्वतःलाही त्यांच्याच कबरीत पुरवून घेतले. दुसरी कबर करण्याची ऐपत नव्हती म्हणून नव्हे, तर वडील रोज दिसावेत म्हणून, असे तो स्वतःच सांगतो. वडिलांचे नावही जाऊच. असा खुलासा नसता तर एकाच कबरीतल्या या दोन जाऊंचा एकच माणूस करणारे वाचक कमी निघाले नसते.

टप्पा ८. नोंद

नोंदवहीत एका लेखासाठी पाच रकाने करावेत: धनी, समर्पण करणारा, लेखातला नात्याचा शब्द, क्रियापद, आणि समर्पित वस्तू. खुलाशाचे नाते सहाव्या रकान्यात, वेगळ्या शाईने. तुटलेल्या चिन्हांच्या जागी चौकोनी कंस टाकावेत आणि कंसातले काही भाषांतरात आले तर तेथेही कंस तसाच ठेवावा. अमुनचे नाव खोडलेले आढळले तर तेही लिहावे, कारण अमुनची पूजा बंद पाडणाऱ्या अखेनातेन राजाच्या काळात खाजगी कबरींतही ते हातोड्याने उडवले गेले आणि पुढे काही ठिकाणी पुन्हा कोरले गेले; समर्पण करणाऱ्याच्या हुद्द्यात अमुन असेल तर नेमका तोच भाग गाळलेला सापडतो.

भाषांतर लिहिताना ‘इन’मुळे येणारा ‘च’ गाळू नये. ‘त्याच्या मुलाने केले’ आणि ‘त्याच्या मुलानेच केले’ यांत मराठीत जो फरक आहे तोच मूळ वाक्यातही आहे: दुसऱ्या कोणी नव्हे, याने. सहाही रकाने भरल्यावर ओळ पुन्हा एकदा भिंतीच्या संपूर्ण छायाचित्राशी ताडून पाहावी, आणि लेखातला समर्पण करणारा चित्रात कोठेच नसेल तर तसे नोंदवून पुढच्या भिंतीकडे जावे.